मायक्रोवेव्ह वापरताना या चुका टाळा

गॅसवर आधी भांडं तापतं, मग भांड्यातला पदार्थ. मायक्रोवेव्हमध्ये हा क्रम नसतो, आणि तरीही आपण तो गॅससारखाच वापरायला जातो. करपलेले दाणे, आतल्या ठिणग्या, कडेला वाफाळता आणि मधोमध थंडगार भात, या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

आतला मॅग्नेट्रॉन २,४५० मेगाहर्ट्झच्या लहरी तयार करतो. त्या धातूच्या कप्प्यात शिरतात, भिंतींवर आपटून पुन्हापुन्हा परततात आणि मुख्यतः पदार्थातलं पाणी त्या शोषून घेतं. काच, कागद, चांगली चिनी माती यांतून त्या आरपार जातात. धातू त्यांना परतवून लावतो. तेव्हा ही ऊर्जा शोषणारं काहीतरी आत हवंच. ते नसलं किंवा फारच थोडं असलं, की ऊर्जा नको तिथे जाते. पुढच्या बऱ्याच चुका या एकाच गोष्टीतून निघतात.

रिकामा, किंवा जवळजवळ रिकामा

आत काहीच नसताना मशीन चालू केलं तर लहरी उलट मॅग्नेट्रॉनकडेच जातात. तो अतोनात तापतो आणि त्याचं आयुष्य घटतं. कधी काचेची फिरती थाळीही तडकते. घरात बटणं दाबायची हौस असलेली लहान मुलं असतील तर आत कपभर पाणी ठेवून द्यावं आणि मॉडेलमध्ये चाइल्ड लॉक असेल तर तो लावावा.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. केकसाठी कन्व्हेक्शन मोडवर प्रीहीट करताना आतला कप्पा रिकामाच असतो, आणि ते बरोबर आहे, कारण तेव्हा हीटर आणि पंखा चालतो, मॅग्नेट्रॉन नाही. घात होतो तो प्रीहीट समजून मायक्रोचं बटण दाबलं गेलं तर. सुरू करण्याआधी पडद्यावर तापमान दिसतंय की वॉट, हे पाहायचं. १८० अंश दिसले तर कन्व्हेक्शन, ८०० वॉट दिसले तर मायक्रो.

दाण्याच्या कुटासाठी मायक्रोवेव्हमध्ये शेंगदाणे भाजणं आता घरोघरी चालतं. सोयीचं आहे, पण दाण्यात पाणी कमी आणि तेल भरपूर. बाहेरून अजून फिकट दिसतात म्हणून आणखी दोन मिनिटं लावली जातात आणि फोडून पाहिलं तर आतून काळे. वाटी-दोन वाट्या दाणे पसरट काचेच्या भांड्यात घ्या, मिनिटभर चालवा, हलवा, पुन्हा मिनिटभर, आणि वास सुटायला लागला की ३०-३० सेकंदांवर या. बाहेर काढल्यावरही ते आतल्या उष्णतेने भाजत राहतात, त्यामुळे एक टप्पा आधीच थांबायचं. मूठभर दाण्यांसाठी मात्र कढईच बरी.

कढीपत्ता, कोथिंबीर, किसलेलं खोबरं वाळवताना हाच धोका जास्त तीव्र असतो. पाणी उडून गेलं की पानं पेटू शकतात. सुरू करून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. आत धूर किंवा जाळ दिसला तर दार उघडायचं नाही. भिंतीवरचा स्विच बंद करा आणि दार लावलेलंच ठेवा. आतली हवा संपली की आग विझते. दार उघडलं की तिला ताजी हवा मिळते.

भांड्यांच्या चुका

स्टीलचं पातेलं नको, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतात ते लपलेले धातू: कपाची सोनेरी किनार, पार्सलच्या कागदी पिशवीची स्टेपलर पिन, आतून चंदेरी अस्तर असलेली पाकिटं, बिर्याणीवरचा फॉइल. धातूच्या पातळ कडांवर आणि टोकांवर विद्युतक्षेत्र एकवटतं आणि ठिणगी उडते.

मेलामाइनची भांडी त्याहून फसवी आहेत. 'न फुटणारा डिनर सेट' म्हणून आपल्याकडे या ताटल्या भरपूर असतात, दिसतात चिनी मातीसारख्या, पण मेलामाइन स्वतःच लहरी शोषतं. ताटली हाताला चटका देते आणि आतली भाजी कोमटच राहते. ही भांडी मायक्रोवेव्हमध्ये नकोच. एखाद्या भांड्याबद्दल शंका असेल तर ते रिकामं भांडं आत ठेवा, शेजारी काचेच्या कपात पाणी ठेवा आणि एक मिनिट चालवा. पाणी तापलं आणि भांडं गारच राहिलं तर ते चालेल. भांडंच तापलं तर नाही. सोनेरी किंवा चंदेरी नक्षीच्या भांड्यावर मात्र हा प्रयोग करू नका.

प्लास्टिकवर 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं असलं तरी त्याला मर्यादा आहेत. पाणी १०० अंशांना उकळतं आणि तिथेच थांबतं. तेल त्याच्या बरंच वर जातं. म्हणून मिसळीची तर्री किंवा तेल सुटलेला रस्सा तापवल्यावर डब्याच्या आतल्या कडेला खरबरीत वळ पडतो. तेलकट पदार्थ काचेत तापवा. हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबे तर एकदाच वापरायचे असतात. कन्व्हेक्शन आणि ग्रिलवर कुठलंच साधं प्लास्टिक नको. केक काढल्यावर लगेच त्याच तापलेल्या कप्प्यात प्लास्टिकचा डबा ठेवणंही त्यातच आलं, मग मोड कुठलाही असो.

फिरती थाळी गरम असताना ओल्या ओट्यावर ठेवली की तडकते. ओटा ग्रॅनाइटचा असेल तर हे हमखास. खाली जाड फडकं घ्या.

कडेला गरम, मध्ये गार

या लहरींची लांबी साधारण १२ सेंटीमीटर असते. कप्प्यात त्या एकमेकींवर आदळतात तेव्हा काही जागी जोर वाढतो, काही जागी उरतच नाही. थाळी फिरते ती यासाठीच. शिवाय लहरी पदार्थात दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात. त्याच्या आतला भाग बाहेरच्या उष्णतेने हळूहळू तापतो. भाताचा ढीग न करता मधे खळगा ठेवून कडेने पसरा, चमचाभर पाणी शिंपडा, झाकण ठेवा, अर्ध्या वेळाने हलवा. बंद झाल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या. तेवढ्यात उष्णता आत पोचते.

भाताबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. रात्री उरलेला भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी फोडणीचा करण्याची आपली सवय आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजल्यावरही जिवंत राहतात, आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवल्याने नष्ट होत नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही आणि कढईतही नाही. जेवणं झाली की भात पसरट भांड्यात काढून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवा.

बाळाचं दूध बाटलीतून मायक्रोवेव्हमध्ये कोमट करू नका. बाटली हाताला कोमट लागते आणि आत कुठेतरी तोंड भाजेल एवढा गरम थर असतो. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरणं हाच सुरक्षित मार्ग.

फ्रीझरमधली सुरमई किंवा पापलेट सोडवताना तुकड्यांच्या कडा शिजून पांढऱ्या पडतात आणि मध्ये बर्फ तसाच, कारण बर्फ या लहरी पाण्याच्या मानाने फारच कमी शोषतो. एकदा कड वितळली की सगळी ऊर्जा तिथेच जाते. डीफ्रॉस्टवरच चालवा, तुकडे उलटेपालटे करा, आणि थोडं कडक असतानाच बाहेर काढा. कमी पॉवरवर मशीनचा आवाज मधूनमधून बंद-चालू होतो. तो बिघाड नाही; बहुतेक मॉडेलांत मॅग्नेट्रॉन थोडा वेळ चालवून, थोडा वेळ थांबवूनच पॉवर कमी केली जाते. नेमक्या त्या थांबण्यात उष्णता आत मुरते.

उकडलेलं अंडं कवचासकट नाही आणि सोलूनही नाही. पिवळ्या बलकात वाफ कोंडते आणि ते तोंडाशी नेल्यावरही फुटू शकतं. वांगी-बटाट्यांना काट्याने टोचे मारा. चहाचं पाणी गुळगुळीत कपात जास्त वेळ तापवलं तर बुडबुडे न येताच ते उकळबिंदूच्या पुढे जातं, आणि साखर घातली की एकदम अंगावर उसळतं. कपात लाकडी चमचा ठेवून तापवा आणि काढण्याआधी थोडं थांबा. पोळीला ओलसर फडक्यात गुंडाळून १५-२० सेकंद पुरतात, त्यापुढे ती चामट होते.

पुठ्ठा समजून काढू नका

आत, बहुतेकदा उजव्या भिंतीवर, करड्या पुठ्ठ्यासारखा एक चौकोन दिसतो. तो अभ्रकाचा पत्रा, दुकानदारांच्या भाषेत मायका शीट. लहरी त्याच्या मागून आत येतात. पॅकिंगचा तुकडा समजून तो ओढून काढणारे लोक असतात, आणि त्यावर उडालेली आमटी महिनोन्‌महिने न पुसणारे त्याहून जास्त. उडालेले शिंतोडे करपून त्यांचा कोळसा होतो, कोळशातून वीज वाहते, ठिणग्या उडतात आणि पत्र्याला भोक पडतं. 'आत ठिणग्या पडतात' या तक्रारीत मला पहिला संशय याच पत्र्याचा येतो. नवा पत्रा स्वस्त असतो आणि मापाने कापून बसवता येतो. तो नसताना मात्र मशीन चालवू नका. वाफ आणि तेल थेट मॅग्नेट्रॉनपर्यंत जातं.

म्हणून झाकण ठेवूनच तापवा आणि ओल्या फडक्याने त्याच दिवशी पुसा. डाग वाळले असतील तर वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी घालून तीन-चार मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार बंद ठेवा. वाफेने सगळं सैल होतं. हळदीच्या डागावर खायचा सोडा लावला तर डाग लाल होतो. क्षार लागला की हळद लालच होते, पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं. घाबरू नका, लिंबू लावलं की पुन्हा पिवळा होईल. प्लास्टिकच्या झाकणावरची हळद उन्हात ठेवल्याने फिकी पडते. तारेची घासणी आतल्या रंगाला लावू नका. रंग उडाला की पत्रा गंजतो, विशेषतः कोकणातल्या आणि गोव्यातल्या दमट हवेत, आणि गंजलेल्या जागी पुन्हा ठिणग्या.

वीज, हवा आणि झुरळं

साधा सोलो, म्हणजे फक्त मायक्रो मोडचा, मायक्रोवेव्ह सुमारे १,२०० वॉट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टवर पाचेक ॲम्पिअर. कन्व्हेक्शन मॉडेल २,००० वॉटच्या पुढे जातं, म्हणजे नऊ-दहा ॲम्पिअर. ६ ॲम्पिअरच्या छोट्या सॉकेटला, किंवा मिक्सर लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर, हे लावायचं नाही. अर्थिंग असलेला १६ ॲम्पिअरचा पॉवर सॉकेट हवा. प्लग गरम लागला किंवा काळवंडला तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मशीनच्या मागे, बाजूला आणि वर किती जागा सोडायची ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. ती वाचा, विशेषतः ट्रॉलीच्या कप्प्यात बसवणार असाल तर. वर भरतकामाचा रुमाल आणि त्यावर बिस्किटांचे डबे ठेवले की हवेच्या फटी बुजतात, मशीन तापतं आणि मध्येच बंद पडतं. गार झाल्यावर पुन्हा सुरू होतं, त्यामुळे खरं कारण लक्षातच येत नाही.

त्याच फटींतून झुरळं ऊब शोधत आत जातात. सर्किट बोर्डावर त्यांची घाण साचते आणि बटणं आपोआप दाबली जातात किंवा पडदा विझतो. फटीत फवारा मारू नका, आतला बोर्ड खराब होतो. मशीनच्या खाली-मागे स्वच्छता आणि बाहेर झुरळांची जेल, एवढंच करा.

बिघाड ओळखताना

थाळी अडखळत फिरत असेल तर खालची चाकांची कडी धुऊन बघा. चिकट झालेली असते. दिवा लागतो, थाळी फिरते पण काहीच तापत नसेल तर दोष बहुधा आतल्या उच्च व्होल्टेजच्या भागात आहे. दार आपटल्यावर एकदम बंद पडला तर दाराचे स्विच आणि फ्यूज तपासावे लागतात. दार वाकलं, काच तडकली किंवा नीट बसत नसेल तर वापर तिथेच थांबवा. दारामागच्या जाळीची छिद्रं लहरींच्या मानाने अगदी लहान असतात म्हणून लहरी आत राहतात. दार धड असेल तर समोर उभं राहायला काहीच हरकत नाही. या लहरींनी अन्न किरणोत्सारी होतं हा समज चुकीचा आहे.

पण मागचं झाकण कोणीही घरी उघडू नये. आत काही हजार व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात प्राणघातक विद्युतभार राहू शकतो. मिक्सर दुरुस्त करता येतो म्हणून याला हात लावू नका.

'पूर्वीसारखा तापत नाही' असं वाटत असेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी मोजून बघा. एक लिटर गार पाणी काचेच्या भांड्यात घ्या, तापमान मोजा, पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं ठेवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणा. येतील ते साधारण वॉट. ८०० वॉटच्या मशीनमध्ये वाढ २० ते २३ अंशांच्या आसपास हवी. ती १२-१३ वर आली, तर हाच प्रयोग रात्री उशिरा किंवा पहाटे, व्होल्टेज चांगलं असताना, पुन्हा करा. तेव्हा आकडा सुधारला तर दोष विजेच्या दाबाचा. तसाच राहिला तर बहुधा मॅग्नेट्रॉन थकला आहे. मग दुरुस्तीचा भाव विचारण्याआधी वॉरंटी कार्ड काढून बघा, कारण बऱ्याच कंपन्या मॅग्नेट्रॉनची मुदत बाकी मशीनपेक्षा जास्त देतात.