झोपेच्या गोळीचे दुष्परिणाम ओळखताना होणाऱ्या या चुका टाळा

"हल्ली आई फार विसरते. वय झालं, काय करणार!" मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य मी आठवड्यातून दोन-चारदा तरी ऐकते. ऐकता ऐकता नजर चिठ्ठीवरच्या 'रात्री झोपताना' या ओळीकडे जाते. तिथे बहुतेकदा अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम नाहीतर झोल्पिडेम अशी झोपेसाठीची एखादी गोळी लिहिलेली असते.

माझ्या स्वतःच्या आईच्या बाबतीत मात्र मला हे वेळेवर दिसलं नाही. बाबा गेल्यानंतर तिला झोपेची गोळी सुरू झाली. वर्षभरात ती मंद झाली, दुपारी खुर्चीत पेंगायला लागली, उठताना भिंतीला हात लावायला लागली. आम्ही आधी म्हटलं अशक्तपणा, मग म्हटलं बी-१२ कमी असेल. मग चक्कर येते म्हणून चक्करेची गोळी आली, आणि तिनेही गुंगीच येते. एका पहाटे तीन वाजता ती लघवीला उठली आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर पडली. मनगट मोडलं. प्लास्टर घालताना तिथल्या एका तरुण डॉक्टरने विचारलं, "आजी, रात्रीच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" तोपर्यंत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मीही नाही.

म्हणून सगळ्यात मोठी चूक पहिली सांगते.

दिवसाच्या त्रासाचा रात्रीच्या गोळीशी संबंध न लावणे

झोप लागली म्हणजे गोळीचं काम संपलं, असं आपण धरून चालतो. पण औषध अंगात किती वेळ राहतं हे प्रत्येक गोळीचं वेगळं आहे. झोल्पिडेमचं रक्तातलं प्रमाण साधारण अडीच तासांत निम्म्यावर येतं. अल्प्राझोलामला सुमारे अकरा तास लागतात, वयस्कर माणसांत सोळाच्या आसपास. क्लोनाझेपामला तर ३० ते ४० तास लागतात. म्हणजे आजची गोळी घेताना कालची निम्म्याहून जास्त अंगात शिल्लक असते. मग सकाळी डोकं जड होणं, बोलताना शब्द न सापडणं, गॅस बंद करायला विसरणं, जिना उतरताना पाय अडखळणं हे सगळं गोळीमुळेही होऊ शकतं. अमेरिकेतल्या वार्धक्यतज्ज्ञांची संघटना ६५ वर्षांपुढच्या माणसांना या गटातल्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात असं सांगते, त्याची कारणं हीच आहेत: पडणं, हाड मोडणं, गोंधळ उडणं.

क्वचित उलटही होतं. गोळी घेतल्यावर म्हातारं माणूस शांत होण्याऐवजी चिडतं, बडबडतं, रात्रभर फेऱ्या मारतं. "गोळी कमी पडली" असं समजून घरचे आणखी अर्धी देतात. तसं करू नका. डॉक्टरांना फोन करा.

करायचं काय? आठवडाभर एका कागदावर लिहा: गोळी किती वाजता घेतली, झोप केव्हा लागली, रात्री किती वेळा उठलं, सकाळी अकरापर्यंत माणूस कसं होतं. हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. "बरं वाटत नाही" यापेक्षा या चार ओळींवरून त्यांना कितीतरी जास्त कळतं.

फक्त 'झोपेची' म्हणून दिलेलीच गोळी मोजणे

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे हा घोळ फार आहे. आपल्या बाजारात जोडऔषधं भरपूर मिळतात. पोटात गोळा येतो, गॅस होतो म्हणून दिलेल्या गोळीत क्लिडिनियमच्या जोडीला क्लोरडायझेपॉक्साइड असू शकतं. छातीत धडधडतं म्हणून दिलेल्या गोळीत प्रोप्रानोलोलबरोबर अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असू शकतं. मन उदास राहतं म्हणून दिलेल्या गोळीत एस्सिटॅलोप्रामबरोबर क्लोनाझेपाम असू शकतं. ही क्लोरडायझेपॉक्साइड, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम सगळी गुंगी आणणाऱ्या एकाच कुळातली. पोटाचे डॉक्टर वेगळे, फॅमिली डॉक्टर वेगळे, आणि रुग्ण दोघांना सांगतो की "बीपीची आणि शुगरची चालू आहे." झोपेची गोळी सांगायला लोक संकोचतात.

आईच्या डब्यात अगदी हेच निघालं. रात्री अल्प्राझोलाम, आणि पोटासाठी दिवसातून दोनदा क्लोरडायझेपॉक्साइडवाली गोळी. दोन्हींची ब्रँडची नावं अशी की कुणाला नातं कळू नये.

स्ट्रिपवर ठळक अक्षरांत असतं ते ब्रँडचं नाव. औषधाचं खरं नाव बारीक अक्षरांत असतं, ते वाचा. आणि गोळ्या कापून डब्यात टाकायची सवय सोडा. कात्रीने स्ट्रिपचे तुकडे केले की नाव एका तुकड्यावर राहतं, एक्स्पायरी दुसऱ्यावर, आणि तिसऱ्यावर नुसती चंदेरी पट्टी. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत भरून न्या, सर्दीच्या आणि पित्ताच्यासुद्धा.

सर्दीच्या म्हणते त्याला कारण आहे. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांत आणि सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन असतं. त्याची गुंगी झोपेच्या गोळीच्या गुंगीत मिसळते. आणि पावसाळ्यात गजकर्ण झालं की इट्राकोनाझोल सर्रास दिलं जातं. अल्प्राझोलाम चालू असताना ते घेऊ नये, कारण त्याने यकृतातलं अल्प्राझोलामचं विघटन मंदावतं आणि नेहमीचीच मात्रा जड पडते. त्वचेच्या डॉक्टरांना झोपेची गोळी सांगायची असते, ती यासाठी.

जेवल्या जेवल्या गोळी, पहाटे दुसरी, सकाळी स्कूटर

आपल्याकडे रात्रीची जेवणं साडेनऊ-दहाला होतात, आणि औषध 'जेवणानंतर' घ्यायची सवय हाडीमाशी मुरलेली. झोल्पिडेम भरल्या पोटी घेतलं तर ते उशिरा लागू होतं. माणूस तासभर वाट पाहतो, असर नाही असं वाटून आणखी एक घेतो, मग दोन्ही एकदम चढतात. ही गोळी घेतल्यावर पुढे सात-आठ तास अंथरुणात मिळणार असतील तरच घ्यायची. पहाटे तीनला जाग आली म्हणून घेतलेली गोळी सकाळी मुलांना शाळेत सोडताना स्कूटरवर तुमच्याबरोबर असते.

बायकांनी हे जास्त लक्षात ठेवावं. बायकांच्या शरीरातून झोल्पिडेम सावकाश बाहेर पडतं, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली बायकांसाठीची साध्या गोळीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. नवऱ्याची १० मिलिग्रॅमची गोळी बायकोने घेणं म्हणूनच चुकीचं आहे. तशी दुसऱ्या कुणाची झोपेची गोळी घेणंच चूक. आणि सीआर, एसआर असं लिहिलेली गोळी मोडून किंवा चावून खाऊ नका. रात्रभर हळूहळू सुटायचं औषध मग एकदम सुटतं.

"पॉइंट फाईव्हची द्या"

अल्प्राझोलाम ०.२५ आणि ०.५ अशा दोन्ही मात्रांत मिळतं. बोलताना 'पॉइंट टू फाईव्ह' आणि 'पॉइंट फाईव्ह' यांत एका शब्दाचा फरक, अंगात मात्र दुप्पट. काहींना तर २५ हा आकडा ५ पेक्षा मोठा वाटतो. फोनवर, शेजारच्या मुलामार्फत तोंडी निरोप देऊन ही गोळी मागवू नका. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही शेड्यूल एच-वन मधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं आहेत. डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं. चिठ्ठी मागितली की ओळखीची माणसं रागावतात. रागावू नका, मेडिकलवाला तुमच्याच भल्याचं विचारतो आहे.

दारू आणि घोरणं

दारू प्यायलेल्या रात्री ही गोळी घ्यायची नाही. एकाच पेगला काय होतंय, असंही नाही. दोन्हींमुळे श्वास मंदावतो. जे मोठ्याने घोरतात, घोरता घोरता मध्येच श्वास थांबून दचकतात, त्यांनी गोळी सुरू करण्याआधी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्यांची झोप मोडते ती श्वास अडल्यामुळे, आणि बऱ्याच झोपेच्या गोळ्यांनी तो त्रास वाढू शकतो.

गोळी घेतलेलं माणूस हलवून उठत नसेल, श्वास फार संथ असेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन करा. कुशीवर वळवून ठेवा. तोंडात पाणी, लिंबू-सरबत काही घालू नका, उलटी करवू नका.

झोपेतल्या गोष्टी हसण्यावारी नेणे

रात्री उठून जेवलं, कुणाला फोन केला, दार उघडून खाली गेलं आणि सकाळी यातलं काहीच आठवत नाही. घरात याची गंमत होते. झोल्पिडेम आणि एस्झोपिक्लोन यांच्याबाबत २०१९ मध्ये अमेरिकेने सर्वांत कडक इशारा छापायला लावला तो याच कारणाने, कारण अशा अवस्थेत लोकांनी गाडी चालवली आहे आणि जीवही गेले आहेत. एकदा जरी असं घडलं तरी ते औषध पुन्हा घ्यायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

झोपेसाठी कमी मात्रेत दिल्या जाणाऱ्या अॅमिट्रिप्टिलिनचे त्रास वेगळे आहेत: तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडणं. काचबिंदू असेल तर आधी सांगा.

घाबरून एकदम बंद करणे

हे सगळं वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी फेकून देईल, याची मला खरी काळजी आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारखी गोळी अनेक आठवडे, महिने चालू असेल तर ती अचानक थांबवल्यावर घाम, थरथर, घबराट होते, झटकेही येऊ शकतात. कधी हे न ठरवता होतं. गणपतीला कोकणात गेलात, स्ट्रिप ठाण्याच्या घरी राहिली, चिठ्ठीही तिथेच. गावच्या मेडिकलमध्ये ती मिळेलच असं नाही. प्रवासाच्या पिशवीत चिठ्ठीची प्रत आणि पुरेशा गोळ्या ठेवा.

मात्रा कमी केल्यावर पहिल्या काही रात्री झोप आधीपेक्षाही वाईट लागते. लोक याचा अर्थ लावतात की "मला गोळीशिवाय झोपच येणार नाही." पण तो बहुतेकदा गोळी सुटतानाचा तात्पुरता त्रास असतो, आणि तो ओसरतो. सोबत काय करता येईल हे विचारा. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार सीबीटी, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची पद्धत. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक ती शिकवतात. जवळपास कुणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

आईची आधी पोटाची गोळी टप्प्याटप्प्याने बंद केली, मग अल्प्राझोलाम. मध्ये दोनदा डॉक्टरांनी "थांबा, याच मात्रेवर तीन आठवडे राहू" असं सांगितलं. एकूण पाच महिने लागले. बीपीची लघवी वाढवणारी गोळी ती संध्याकाळी घेत होती, ती डॉक्टरांना विचारून सकाळी नेली, तेव्हा रात्रीचं उठणं तीनवरून एकावर आलं. बाथरूमच्या वाटेवर एक छोटा दिवा आता रात्रभर चालू असतो. परवा दुपारी ती शब्दकोडं सोडवत बसली होती, आणि आडवा सातवा शब्द तिने मला विचारला नाही, मलाच सांगितला.