निवृत्तीनंतरचं घर घेताना: पैसे कुठे घालावेत आणि कुठे हात आखडावा

सॅम्पल फ्लॅट बघून खाली आलं की चहा येतो आणि चहाच्या कपाशेजारी एक गुळगुळीत कागद सरकवला जातो. त्यावर 'अपग्रेड'ची यादी असते. हॉलला इटालियन मार्बल, फॉल्स सीलिंग, मोबाइलवरून लागणारे दिवे, बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन. डोंबिवलीचं घर विकून तळेगावला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला तेव्हा आम्हीही तो कागद हौसेनं भरला. फॉल्स सीलिंग घेतलं, चकचकीत फरशी घेतली. दोन वर्षांनी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, कमोडशेजारी धरायला दांडा लावून घ्या.

प्लंबरनं ड्रिल लावलं तर भिंतीतून रांगोळीसारखी भुकटी पडायला लागली. चार स्क्रू बसले, दांडा छान दिसायला लागला आणि तिसऱ्या दिवशी स्क्रूसकट हातात आला. नशीब, तेव्हा मी नुसतं फडकं मारत होते. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांची होती. हल्लीच्या बऱ्याच इमारतींत आतल्या भिंती याच ब्लॉकच्या असतात. हलक्या असतात, उष्णता अडवतात, पण स्क्रूचे साधे प्लग त्यांत धरत नाहीत. बांधकाम चालू असताना त्या दोन फुटांत पक्की वीट घाला म्हटलं असतं, तर खर्च जवळजवळ शून्य होता.

तेव्हापासून कुणी विचारलं तर मी सांगते: यादीतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा. हे नंतर करायचं झालं तर फोडाफोड करावी लागेल का? लागणार असेल तर आत्ता करा. नुसतं स्क्रूनं लागणार असेल तर राहू द्या, गरज पडेल तेव्हा बघू.

आधी जे पैशानं बदलत नाही ते बघा

फ्लॅटच्या आतलं बरंच काही बदलता येतं, इमारत बदलता येत नाही. म्हणून अपग्रेडचा कागद घेण्याआधी गेटपासून दारापर्यंत पायऱ्या मोजत चाला. रॅम्प आहे का आणि तो चढण्यासारखा आहे का? 1 इंच उंचीला 12 इंच लांबी हे रॅम्पचं प्रमाण. म्हणजे 6 इंचांच्या एका पायरीलाही 6 फूट रॅम्प लागतो. नुसता सिमेंटचा उतार ओतून ठेवलेला असेल तर तो स्कूटर चढवण्यासाठी आहे, आजोबांसाठी नाही. लिफ्ट तुमच्याच मजल्यावर थांबते की अर्ध्या जिन्यावर? वीज गेल्यावर जनरेटरवर चालते का? स्ट्रेचर मावतं का? यातली दोन उत्तरं 'नाही' आली तर घर कितीही आवडलं तरी पुढचं बघा.

मग टेप घेऊन दारं मोजा

व्हीलचेअर साधारण 24 ते 26 इंच रुंद असते. बाथरूमचं दार कागदावर अडीच फुटांचं दाखवतात, पण चौकट आणि उघडलेल्या फळीची जाडी वजा केली की मोकळी जागा कितीतरी कमी भरते. दार पूर्ण उघडून फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा, तोच खरा आकडा. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांकरता महारेरानं, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणानं, 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यांत दारं किमान 900 मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट रुंद आणि शक्यतो सरकती असावीत असं आहे. आपला प्रकल्प साधाच असला तरी चौकटी बसायच्या आत हे मागायला काय हरकत आहे?

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. आतला माणूस घसरून दारालाच टेकून पडला तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. कडीही बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी हवी.

उंबरठ्याचा प्रश्न नाजूक आहे. आमच्याकडे उंबरठ्याला हळदीकुंकू वाहिल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, आणि अडखळायला घरात त्याच्याइतकी हक्काची जागाही दुसरी नाही. सुतारानं मार्ग काढला. सागवानी पट्टी फरशीच्या पातळीत बसवली, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर राहील अशी. पूजा होते, पाय अडत नाही.

बाथरूमवर सढळ हातानं खर्च करा

सगळं बजेट एकाच खोलीत घालायची वेळ आली तर मी ते बाथरूममध्ये घालेन. घरात पाणी, साबण, घाई आणि एकटेपणा हे सगळं एकत्र येतं ते इथेच.

फरशी घेताना दुकानदाराला 'अँटीस्किड' एवढंच म्हणू नका, तो कुठलीही खरखरीत टाइल पुढे करेल. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात आर9, आर10, आर11 असे घसरणीचे दर्जे असतात. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. न्हाणीच्या भागाला आर11 मागा. फार खरखरीत घेतली तर मळ धरते, ते घासायला पुन्हा वाकावं लागतं, म्हणून बाकीच्या बाथरूमला आर10 चालेल. कोरडा आणि ओला भाग वेगळा करायला मधे ग्रॅनाइटची उंच पट्टी घालायची पद्धत आहे, ती नको. त्याऐवजी फरशीलाच उतार द्या आणि भिंतीलगत लांबट जाळी घाला. हे काम फरशी बसण्याआधीचं आहे, नंतर होत नाही.

कमोडची बैठक जमिनीपासून 18 ते 19 इंच असावी. बाजारात सर्रास मिळणारे कमोड याहून बुटके असतात. दोन-तीन इंचांचा फरक काय तो, असं पन्नाशीत वाटतं. भिंतीवर टांगणारा कमोड घेतला तर हवी ती उंची ठरवता येते आणि खाली झाडूही फिरतो. पण त्याची टाकी भिंतीत असते, तेव्हा दुरुस्तीसाठी झाकण उघडतं ना हे बघून घ्या, नाहीतर एका वॉशरसाठी टाइल फुटेल.

आणि तो दांडा. आत्ता लावू नका, बाथरूमचं हॉस्पिटल करायची काही गरज नाही. पण कमोडशेजारी आणि शॉवरच्या भिंतीला, जमिनीपासून दोन ते तीन फुटांच्या पट्ट्यात, पक्की वीट किंवा काँक्रीट घालून घ्या. कमोडशेजारचा आडवा दांडा साधारण 28 इंचांवर येतो. शॉवरच्या बाजूला उभा दांडाही लागतो, म्हणून तिथे हा पट्टा पाच फुटांपर्यंत न्या. घर तयार असेल आणि भिंत ब्लॉकची असेल, तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून स्क्रू पक्का चिकटवायची पद्धत, वापरणारा माणूस शोधा. बसवल्यावर आधी त्यालाच लटकून बघायला सांगा.

वीज: पॉइंट वाढवा, खेळणी नको

साठीच्या डोळ्यांतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्यांच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. हॉलच्या छतात लपवलेल्या मंद पट्ट्यांचा म्हणूनच मला राग येतो. त्याऐवजी ओट्यावर, देवघरापाशी, औषधांच्या कपाटाजवळ आणि वाचायच्या खुर्चीमागे वेगळे पॉइंट काढा. बेडरूमपासून बाथरूमपर्यंत पायाच्या उंचीवर दोन छोटे दिवे ठेवा.

प्लास्टर होण्याआधी इलेक्ट्रिशियनबरोबर अर्धा दिवस काढा. खालचे प्लग एक फुटावर नकोत, दोन फुटांवर घ्या. बेडरूमचा दिवा दारापाशी आणि उशापाशी, दोन्हीकडून बंद-चालू व्हावा. उशाजवळचा एक प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर टाका. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून रुग्णाला ऑक्सिजन देणारं यंत्र, साधारण 300 ते 400 वॅट घेतो आणि वीज जायची वेळ काही आपण ठरवत नाही. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का हे स्वतः डोळ्यांनी बघा. गीझरला करंट उतरला तर क्षणात वीज तोडते ती तीच.

मोबाइलवर चालणारे दिवे मात्र मी काढून टाकले. मुलगी अमेरिकेतून सांगायची, आई, ॲप अपडेट कर. मला दिवा लावायचा होता.

स्वयंपाकघर

इथे थोडक्यात आवरते. खालची कपाटं उघडून आत वाकायचं नसतं, म्हणून ट्रॉल्या हव्यात आणि त्या पूर्ण बाहेर येणाऱ्या हव्यात. ओट्याची उंची घरात जी व्यक्ती खरंच स्वयंपाक करते तिच्या कोपराखाली चार बोटं ठेवून ठरवा, कंत्राटदाराच्या सवयीवर सोडू नका. माळा करू नका. माळा म्हटलं की स्टूल आलं, आणि स्टुलाची पुढची गोष्ट मी सांगायला नको.

यादीतलं काय खुशाल खोडावं

फॉल्स सीलिंग, भिंतीवरचे पॅनल, काचेचं पार्टिशन, बाथटब, हॉलची चकचकीत फरशी. वॉटर सॉफ्टनर बोअरवेलच्या पाण्याला उपयोगी खरा, पण त्याला मिठाच्या 25 किलोच्या गोण्या लागतात. त्या उचलणार कोण ते आधी ठरवा.

तीन ट्रॅकची, जाळीवाली सरकती खिडकी मात्र खोडू नका. संध्याकाळी डास न येता वारा येणं या वयात चैन नव्हे.

हॉलच्या स्लॅबमध्ये झोपाळ्याची कडी मी हट्टानं टाकून घेतली. उपयुक्ततेच्या कुठल्याही हिशोबात ती बसत नाही, तरी तिचे पैसे मला कधी जड वाटले नाहीत. फक्त ती स्लॅब भरतानाच, सळईत अडकवून घ्यावी लागते.

कोकणात घर घेत असाल तर

झोपायची एक खोली आणि तिला लागून बाथरूम तळमजल्यावर हवीच, मग वर हवं ते बांधा. समुद्राजवळ खारा वारा साध्या 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीललाही डाग पाडतो, बाहेरच्या दांड्यांना आणि बिजागऱ्यांना 316 दर्जाचं मागा. स्वतःचं छप्पर असेल तर सौरऊर्जा फायद्याची आहे. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छपरावरच्या 3 किलोवॉटपासून पुढच्या पॅनलना 78,000 रुपये अनुदान मिळतं आणि 3 किलोवॉटला 300 चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. पावसाळ्यात उत्पादन घटतं, हे धरूनच हिशोब करा.

शेवटी कागद आणि पाणी

प्रत्येक बदल लिखित घ्या: काय, कुठल्या मापाचं, किती रुपयांना, कर धरून की सोडून. बिल्डरची फरशी नाकारलीत तर तिची वजावट विचारा, देताना खळखळ करतात पण विचारा. खांब आणि बीम यांना हात लावायचा नाही. तयार घर असेल तर सोसायटीची परवानगी आधी.

पाण्याची कामं शक्यतो बिल्डरकडूनच, ताबा घेण्याआधी करून घ्या. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून 5 वर्षं बांधकामातले दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचे असतात. तुम्ही स्वतःच्या माणसाकडून बाथरूम फोडलंत आणि खाली गळती झाली, तर तो सरळ तुमच्या गवंड्याकडे बोट दाखवेल. प्लास्टर आणि फरशी होण्याआधी पाइप-वायरींचे फोटो काढा, बाजूला टेप धरून, म्हणजे उद्या ड्रिल कुठे मारायचं नाही हे कळेल.

किल्ली हातात घेण्याआधी बाथरूमची जाळी कापडानं बंद करा, दोन-तीन इंच पाणी भरा आणि 48 तास तसंच राहू द्या. पातळीवर पेन्सिलनं खूण करा. दोन दिवसांनी खालच्या फ्लॅटचं छत बघायला जायचं असतं, तेव्हा जाताना पाव किलो पेढे घेऊन जा. आम्ही गेलो तेव्हा छताला रुपयाएवढा ओला डाग होता. बिल्डरच्या माणसाला तिथेच बोलावून दाखवला आणि पेढा मात्र त्यालाही दिला.