‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ खानदेशात खेळवताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाची छापील मोहीम, म्हणजे तयार कथानक, दुसऱ्या मुलखात नेताना बहुतेक डीएम (खेळ चालवणारे) आधी नावे बदलतात. मोहिमेतल्या फँडालिन गावाचे एखादे पिंपरी होते, गॉब्लिनांचे (खुज्या, दुष्ट राक्षसांचे) दरोडेखोर होतात, आणि तिसऱ्या सेशनपर्यंत ते गाव धड तिथलेही राहत नाही आणि इथलेही होत नाही. नावांना हात लावण्यापूर्वी प्रत्येक घटक कथेत नेमके कोणते काम करतो ते पाहावे. ते काम करणारे काही आपल्या मुलखात मुळातच असेल तर ते घ्यावे, आणि नसेल तर तो घटक खुशाल गाळावा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या स्टार्टर सेटमधील ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ ही पहिल्या ते पाचव्या लेव्हलची मोहीम अनेकांनी खेळलेली असल्यामुळे उदाहरणासाठी तीच घेतो.

सुरुवात काळापासून करावी. फँडालिन हे जुन्या उद्ध्वस्त वस्तीवर नुकतेच पुन्हा उभे राहिलेले गाव आहे, आणि खानदेशाच्या इतिहासात असा काळ शोधावा लागत नाही. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने केलेली लूट, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आणि पुढे पेंढाऱ्यांचा उपद्रव यांमुळे इथली कितीतरी गावे ओस पडली होती, आणि १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यानंतर ती हळूहळू पुन्हा वसू लागली. म्हणून मोहीम १८२० च्या आसपास ठेवावी आणि गाव यावलच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी कल्पावे. मूळ मोहिमेतील नेव्हरविंटरचे, म्हणजे ज्या शहरातून सामानाची गाडी निघते त्याचे, काम बुऱ्हाणपूर करील. तिथून रावेर, सावदा, फैजपूर असा रस्ता बैलगाडीला दोन-तीन मुक्कामांचा होतो. मात्र या वाटेवर केळीच्या बागा दाखवू नयेत, त्या फार नंतरच्या आहेत. शिवारात ज्वारी आणि कापूस असावा.

खरी अडचण मोहिमेच्या नावातल्या हरवलेल्या खाणीची आहे. खानदेशाची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची असल्यामुळे धातूची प्राचीन खाण इथे पटणार नाही, आणि जळगाव-धुळ्याचा खेळाडू ती पहिल्याच सेशनला हाणून पाडील. पण ती खाण कथेत करते काय? जिच्यामुळे मुलूख श्रीमंत होता, जिची वाट विसरली गेली आणि जी पुन्हा सापडल्यास सत्ता तिच्या मालकाकडे जाईल, अशी ती वस्तू आहे. खानदेशात हे काम पाणी करते. बुऱ्हाणपुरात मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारांतून शहरात आणणारी कुंडी भंडारा ही योजना झाली. एकमेकींना भुयाराने जोडलेल्या कुंड्यांची ती रांग आजही पाहता येते. तशीच दुसरी एक योजना पायथ्याच्या गावासाठी अर्धवट बांधली गेली आणि तिचा नकाशा हरवला, असे कल्पावे. मूळ खाणीच्या गुहेत लाटांचा आवाज घुमतो, इथे भुयारातले पाणी घुमेल. तिथे जादूच्या भट्टीत हत्यारांना तेज चढते, इथे शेवटच्या कुंडीत बुडवलेले हत्यार मंतरले जाईल. खाण शोधणारे तीन बुटके भाऊ विहिरी खोदणारे तीन भाऊ होतात, आणि हा बदल मला तर मूळापेक्षाही सरस वाटतो.

सामानाची गाडी घेऊन निघालेल्या पात्रांवर गॉब्लिन करतात तो पहिला हल्ला मात्र जसाच्या तसा ठेवण्याजोगा आहे, कारण त्यातला प्रत्येक तपशील माहिती देतो. रस्त्यात दोन घोडी बाण लागून मरून पडली आहेत, ती गाडीच्या पुढे गेलेल्या, सामानाच्या मालकाची आहेत हे खेळाडू ओळखतात, आणि जवळच नकाशाची चामडी नळी रिकामी पडली आहे. प्रसंग देशी करण्याच्या भरात घोड्यांच्या जागी बैल ठेवले, तर मालक पुढे गेला होता आणि पकडला गेला हा धागा तुटतो. दबा धरायला दोन्ही बाजूंच्या झुडपांऐवजी तापीला मिळणाऱ्या एखाद्या नाल्याच्या तुटक्या दरडी वापराव्यात. गॉब्लिनाचा स्टॅट ब्लॉक (खेळातल्या आकड्यांचा तक्ता), म्हणजे आर्मर क्लास (वार लागणे किती अवघड ते) १५, हिट पॉइंट (किती मार सोसतो ते) ७ आणि वार करून त्याच दमात लपण्याची सोय, बदलू नये. पहिल्या लेव्हलच्या पात्रांसाठी तोच समतोल साधतो.

त्या स्टॅट ब्लॉकला चेहरा कोणाचा द्यावा, इथे फार जपावे लागते. डोंगरातले हल्लेखोर म्हटले की हात आपसूक भिल्लांकडे जातो आणि नेमके तेच टाळावे. जन्मतःच दुष्ट, गुहेत राहणारी टोळी हा मूळ साचा आपल्याच शेजाऱ्यांवर चढवणे अन्यायाचे आहे, आणि त्याने कथाही पांगळी होते. १८१८ मध्ये थाळनेर आणि मालेगावला इंग्रजांशी लढाया झाल्या, फौजा मोडल्या, आणि पगार थकलेली शिबंदी मोकाट झाली. शत्रू या मिश्र जमावातून घ्यावेत. गावाला छळणाऱ्या रेडब्रँड टोळीसाठीही तेच चालतील: मूळ मोहिमेत बंदोबस्तासाठी आलेला माणूसच टोळीचा म्होरक्या निघतो, इथे कचेरीने पाठवलेला जमादार पडक्या गढीच्या तळघरात बसून वसुली करील. भिल्ल नाईक हा डोंगरवाटांचा जाणकार आणि स्वतःचा स्वार्थ असलेला एनपीसी, म्हणजे डीएमने चालवायचे पात्र, म्हणून आणावा.

चांदीची फणी भेट देऊन जिला प्रश्न विचारायचा ती बॅन्शी (मूळ मोहिमेतले स्त्री-भूत) ओसाड गावच्या बारवेवरची हडळ होते; त्यात काहीच बदलावे लागत नाही.

बोलीबाबत एक पथ्य पाळावे. खानदेश म्हणजे सरसकट अहिराणी नव्हे. यावल-रावेरकडे लेवा बोली चालते, त्यामुळे अहिराणी बोलणारा एनपीसी अमळनेर-धुळ्याकडून आलेला असावा, आणि तो इतक्या लांब का आला हे खेळाडूंनी विचारले तर उत्तर तयार असावे.

राहिला ऋतू. पावसाळ्यात तापीचा उतार बंद होतो, म्हणून नदी ओलांडायची नसेल तरच आषाढ-श्रावण निवडावा. मी वैशाख निवडीन. डीएमच्या मार्गदर्शिकेत साधारण ३८ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेल्यास, प्यायला पाणी नसलेल्या पात्राने दर तासाला कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या काटकपणाचा) सेव्हिंग थ्रो, म्हणजे फासा टाकून तग धरण्याची चाचणी, करण्याचा नियम आहे. त्यासाठी गाठायचा आकडा पहिल्या तासाला ५ पासून सुरू होतो आणि दर तासाला एकाने चढतो. इतरत्र सहसा विसरला जाणारा हा नियम खानदेशात रोज दुपारी लागू पडतो. खेळाडू रात्री चालू लागतात, मशकांचा हिशेब ठेवतात, आणि गावात शिरल्यावर पाटलाच्या आधी विहीर कुठे आहे ते विचारतात.