ब्रिटिश डावे राजकारण फुटबॉल आणि रॉकच्या वाटेने कसे समजून घ्यावे

ब्रिटनमधील डाव्यांचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यापासून आरंभ करू नये. एखाद्या फुटबॉल क्लबापासून करावा. वाचनालयात किंवा कोणाच्या ओटीवर शनिवारी पाचसहा जण जमले, तरी तेवढे पुरेसे आहे. इंग्लंडमधील दुपारी तीनचा सामना आपल्याकडे साडेसातला, तर ऑक्टोबरअखेरीपासून मार्चअखेरीपर्यंत साडेआठला सुरू होतो. हंगामाचा आरंभ ऑगस्टात, म्हणजे पावसात होत असल्याने ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्याचेच घर ठरवावे. हा तीनचा सामना खुद्द ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर दाखवला जात नाही, कारण तसे केल्यास लहान क्लबांच्या मैदानांकडे प्रेक्षक फिरकणार नाहीत, अशी तेथे भीती आहे. चर्चेला तोंड फोडायला एवढे पुरते.

मग एक क्लब निवडून दोनच प्रश्न विचारावेत: तो कोणी काढला आणि आज तो कोणाच्या मालकीचा आहे? मँचेस्टर युनायटेडचे मूळ १८७८ मधील रेल्वे कामगारांच्या संघात आहे, तर आर्सेनल १८८६ मध्ये वूलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांनी काढला. २००५ मध्ये अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने युनायटेड विकत घेतला, तो बराचसा कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा मोठा भार क्लबाच्याच डोक्यावर टाकला. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःचा क्लब काढला, ज्यात प्रत्येक सभासदाला एकच मत असते. गावच्या विकास सोसायटीच्या सभासदाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही, आणि नियम असूनही कारभार प्रत्यक्षात कोण चालवतो, हेही त्याला ठाऊक असते.

ब्रिटनमधील खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपाकडे वळताना मुंबईचा १९८२ चा गिरणी संप शेजारी ठेवावा. खेड, संगमेश्वर, कणकवलीकडे त्या संपानंतर गावी परतलेले चाकरमानी भेटतात. पगार थांबल्यावर घर कसे चालते, हे त्यांना आधी सांगू द्यावे आणि मगच तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थॅचर यांचे नाव काढावे. एखादे अण्णा नाथ पै आणि मधु दंडवते यांच्याकडे वळतीलच, कारण राजापूर मतदारसंघाने या दोन्ही समाजवाद्यांना लोकसभेत पाठवले होते. त्या आठवणींत रात्र सरते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा शनिवार राखावा.

रॉकच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण गिटार वाजवणारा प्रत्येक जण डावा असतो, ही समजूत खोटी आहे. बीटल्सचे १९६६ चे ‘टॅक्समन’ हे गाणे जबर करांविरुद्ध श्रीमंत कलावंताने केलेली तक्रार असून त्यात मजूर पक्षाचे पंतप्रधान विल्सन यांचे नावही येते. १९७६ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून स्थलांतरितविरोधी नेते ईनॉक पॉवेल यांची भलामण केली. त्यावरून उसळलेल्या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वंशवादविरोधी चळवळ उभी राहिली, आणि ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ‘द क्लॅश’ या पंक रॉक बँडने प्रचंड जमावापुढे कार्यक्रम केला. श्रवणाच्या रात्री ‘टॅक्समन’, क्लॅप्टन आणि ‘द क्लॅश’ एकापाठोपाठ लावावेत. क्लॅप्टनला वगळू नये, कारण वाद त्याच्यावरूनच रंगतो.

क्लबावरून माणसाचे राजकारण ओळखण्याचा मोह मंडळींना होणारच. तेव्हा मजूर पक्षाचे नेतेपद सांभाळलेले जेरेमी कॉर्बिन आणि कीर स्टार्मर यांची नावे पुढे करावीत: दोघेही आर्सेनलचे चाहते, आणि स्टार्मर नेतेपदी असताना २०२० मध्ये कॉर्बिन यांना पक्षाच्या संसदीय गटाबाहेर ठेवण्यात आले.