अनारशाचे तांदूळ आधी भिजवा: दहा दिवसांत दिवाळीचा फराळ

फराळ बिघडला की दोष कढईला दिला जातो, नाहीतर करणारीच्या हाताला. खरे तर बिघाड चार दिवस आधीच झालेला असतो. तांदूळ उशिरा भिजतात, भाजणी पुरती वाळत नाही, नाहीतर गिरणीतून आलेले गरम पीठ तसेच डब्यात दाबले जाते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ओलीचा हिशेब जरा जास्तच ठेवावा लागतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर परतीचा पाऊस उंबऱ्यावरच असतो. सकाळी चटका लावणारे ऊन, तिसऱ्या प्रहरी ढग, आणि वाळत घातलेले पोहे घेऊन सगळे घर आत पळते. म्हणून पदार्थांचा क्रम आवडीने लावू नये, कशाला किती वाळवण आणि किती मुरवण लागते ते पाहून लावावा.

खालची मापे सहा माणसांचे घर आणि शेजारीपाजारी द्यायची आठ-दहा ताटे धरून दिली आहेत. दिवस नरक चतुर्दशीपासून उलटे मोजावेत, कारण अभ्यंगस्नान करून फराळाला बसायचे ते त्या सकाळी.

आधी कॅलेंडर बघा

आपल्याकडे कर्नाटकात शाळेची मोठी सुट्टी दसऱ्याला होऊन जाते. दिवाळीला नरक चतुर्दशी, बलिप्रतिपदा अशा मोजक्याच सुट्ट्या. कोल्हापूर-पुण्याच्या भाचरांना मात्र भरपूर सुट्टी असते आणि ती दाराशी येतात तेव्हा आपली मुले अजून दप्तर घेऊन शाळेत जात असतात. तेव्हा मुलांच्या हातची कामे दसऱ्याच्या सुट्टीतच उरकून घ्यावीत: डबे घासून उन्हात वाळवणे, डाळी निवडणे, सुके खोबरे किसणे. किसलेले खोबरे भाजून बंद डब्यात ठेवले तर तीन आठवडे सहज टिकते.

दुसरी गोष्ट 1 नोव्हेंबरची. त्या दिवशी बेळगाव शहरात कर्नाटक राज्योत्सवाची, म्हणजे राज्याच्या स्थापना दिनाची मिरवणूक असते, सीमाभागातला मराठी माणूस निषेधाचा काळा दिन पाळतो तोही तोच. 2024 साली नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरला, पाडवा 2 नोव्हेंबरला आणि मधोमध हा दिवस, असे झाले होते. दिवाळी त्या सुमारास येत असेल तर रविवार पेठेतले किराणा सामान आणि गणपत गल्लीतली खरेदी आधीच्या आठवड्यातच आटपावी. ऐन वेळी अर्धा किलो साखरेसाठी त्या गर्दीत शिरण्यासारखे दुसरे संकट नाही.

दहावा दिवस: अनारशाचे तांदूळ

एक किलो जुना जाडा तांदूळ घ्यावा. नव्या तांदळाला चिकटपणा जास्त, त्याचे अनारसे तुपात पसरतात. बेळगाव बासमतीसारखा वासाचा तांदूळ इथे वाया जातो, तीन दिवस पाण्यात राहून त्याचा वास टिकत नाही.

तांदूळ धुऊन भिजत घालावेत आणि तीन दिवस रोज सकाळी पाणी बदलावे. एक दिवस जरी पाणी बदलायचे राहिले तरी आंबूस वास येतो आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी चाळणीत उपसून, सुती कापडावर सावलीत, पंख्याखाली पसरावेत. इथेच बहुतेकांचे चुकते. तांदूळ कोरडे होऊ द्यायचे नाहीत. मूठभर घेऊन दाबावेत. तळव्याला ओल जाणवली पण दाणे हाताला चिकटून राहिले नाहीत, की थांबावे. ढगाळ हवेत याला तासभर लागतो, कोरड्या हवेत अर्धा तासही पुरतो. घड्याळ बघू नये, मूठ बघावी.

लगेच मिक्सरवर थोडे थोडे दळून मैद्याच्या चाळणीने चाळावे. ओलसर पीठ तांदळापेक्षा जड भरते, म्हणून गूळ तांदळाच्या वजनावर न मोजता पिठाच्या वजनावर मोजावा: पिठाच्या पाऊणपट. चिक्कीचा गूळ घेऊ नये, साधा मऊ गूळ किसून घ्यावा. दोन चमचे तूप घालून पीठ आणि गूळ तळव्याने रगडावे, घट्ट गोळे करून डब्यात दाबून ठेवावेत. पाच दिवस मुरू द्यावे. दोन दिवसांनी एकदा डबा उघडून वरचे पीठ खाली करावे. दहाव्या दिवशी सुरुवात का करायची ते आता लक्षात येईल: तीन दिवस भिजवण, एक दिवस दळण, पाच दिवस मुरवण, आणि आदल्या दिवशी तळण. मध्ये एक दिवससुद्धा शिल्लक उरत नाही.

सातवा दिवस: भाजणी आणि गिरणी

चकलीच्या भाजणीला तांदूळ एक किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, मूग डाळ आणि जाडे पोहे प्रत्येकी सव्वाशे ग्रॅम, धणे पन्नास ग्रॅम, जिरे पंचवीस ग्रॅम. तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुऊन आदल्या रात्रीच घरात कापडावर पसराव्यात. सकाळी हात फिरवला की दाणे खळखळ वाजले पाहिजेत. मग मंद आचेवर एकेक जिन्नस वेगळा भाजावा. सगळे एकत्र भाजले तर पोहे जळतात आणि हरभरा डाळ कच्ची राहते. कच्च्या डाळीची चकली तळताना छान दिसते आणि चौथ्या दिवशी वातड होते.

भाजणी पूर्ण गार करून गिरणीत न्यावी. दिवाळीच्या आठवड्यात रांग असते, म्हणून सकाळी उघडायच्या वेळी जावे आणि आधी कुणाचे काय पडले ते विचारावे. तांदूळ किंवा गहू पडला असेल तर हरकत नाही. नाचणी पडली असेल तर पहिले दोन मुठी पीठ वेगळे काढून घ्यायला सांगावे, नाहीतर चकली काळवंडते. घरी आल्यावर पीठ वर्तमानपत्रावर पसरून गार करावे. गरम पीठ डब्यात भरले की झाकणाला आतून घाम सुटतो, आणि तीच ओल नंतर चकलीत जाते.

पाचवा दिवस: बेसनाचे लाडू

एक किलो रवाळ बेसन, साडेचारशे ग्रॅम तूप, पाऊण किलो पिठीसाखर, वेलदोडा. सगळी कला भाजण्यात आहे. सुरुवातीला बेसन गोळा होऊन उलथन्याला जड लागते. वीस मिनिटांनी सैल होते. चाळीसाव्या मिनिटाच्या आसपास तूप कडेने सुटू लागते आणि वास स्वयंपाकघर सोडून जिन्यात जातो. तेव्हा दोन-तीन चमचे दुधाचा शिपका द्यावा. फस्स करून फेस येतो, बेसन फुलते आणि दाणेदार होते. मग उतरवावे.

साखर घालायची घाई करू नये. मिश्रण हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. गरमात साखर विरघळते आणि वळलेले लाडू ताटात बसतात, सकाळी चपट्या भाकऱ्या झालेल्या असतात. असे झालेच तर रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी मळावे, घट्ट झालेले असते आणि वळता येते.

तेलाचा क्रम

तळण एकाच शेंगतेलात करायचे असेल तर आधी शंकरपाळी, मग करंज्या, मग चकली, सगळ्यात शेवटी शेव. चकलीचे तीळ-ओवा आणि शेवेचे बारीक चुरे तळाशी बसून जळतात. ते तेल गोड पदार्थाला वापरले की करंजीवर काळे ठिपके येतात. प्रत्येक पदार्थानंतर तेल गाळून घ्यावे.

शंकरपाळीचे फार सांगण्यासारखे नाही. दूध, साखर, तूप एकेक वाटी गरम करून गार करायचे, त्यात मावेल तेवढा मैदा, साधारण साडेचार वाट्या. मंद आचेवर तळावी. आच मोठी झाली तर बाहेरून लाल आणि आत कच्ची.

करंज्या मात्र एकट्याने करू नयेत. सगळे घरी असतील अशी संध्याकाळ धरावी: एकाने लाट्या, एकाने सारण, एकाने कातणे, एकाने कढई. बारीक रवा आणि मैदा अर्धा-अर्धा, मिळून अर्धा किलो, त्यावर अर्धी वाटी कडकडीत तुपाचे मोहन, दुधात घट्ट भिजवून दोन तास झाकून ठेवावे, मग कुटावे. सारणात भाजलेले सुके खोबरे पाव किलो, पिठीसाखर दोनशे ग्रॅम, भाजलेली खसखस पन्नास ग्रॅम. पारीच्या निम्म्यालाच सारण भरावे. जास्त भरायचा मोह मुलांना होतो, आणि घरातल्या आजीलाही. एक करंजी कढईत फुटली की खोबरे जळून अख्खा घाणा खराब होतो. कडेला दुधाचे बोट फिरवून दाबावे, मग कातावे, आणि तळणाची वाट बघणाऱ्या करंज्यांवर ओले फडके घट्ट पिळून झाकावे. कोरडी पडलेली कड तेलात उघडते.

तिसरा दिवस: चकली

चार वाट्या भाजणीला पावणेचार वाट्या पाणी उकळायचे. पाण्यातच चार मोठे चमचे तेल, मीठ, तीळ, ओवा, हळद आणि तिखट. रंगाला ब्याडगी मिरची, झणझणीतपणाला थोडी संकेश्वरी. नुसत्या संकेश्वरीने तिखट खूप होते आणि रंग येत नाही. पाणी उकळले की आच बंद करून भाजणी घालावी, हलवून अर्धा तास झाकावे. मग कोमट पाण्याचा हात लावत चांगले मळावे.

पहिली चकली परीक्षेची. सोऱ्यातून पडतानाच तुटली तर पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे. तेलात विरघळून सुटी झाली तर मोहन जास्त झाले, मूठभर कोरडी भाजणी मिसळावी. दगडासारखी कडक निघाली तर मोहन कमी पडले, एक चमचा गरम तेल घालावे. काटे आलेच नाहीत तर पीठ सैल आहे. कढईत टाकल्यावर तेल जोरात फेसाळते, तो फेस पूर्ण ओसरेपर्यंत चकली काढू नये. फेस म्हणजे आतली ओल बाहेर पडते आहे. रंग आला म्हणून लवकर काढलेली चकली संध्याकाळपर्यंत मऊ पडते. मऊ पडलीच तर टाकू नये, कडक तेलात अर्धा मिनिट पुन्हा सोडावी आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावी.

दुसरा दिवस: चिवडा

पातळ पोहे एक किलो. सकाळी नऊ ते बारा कडक ऊन द्यावे. आभाळ आले असेल तर मोठ्या कढईत, मंद आचेवर, थोडे थोडे भाजावेत. पोहा दोन बोटांत मोडला की आवाज आला पाहिजे. फोडणीला दोनशे ग्रॅम तेल, दोनशे ग्रॅम शेंगदाणे, दीडशे ग्रॅम डाळं (दुकानात पुटाणी म्हणून मागितले तर पटकन मिळते), शंभर ग्रॅम खोबऱ्याचे काप. हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता कडकडीत होईपर्यंत तळावा. कढीपत्ता आदल्या दिवशी धुऊन सुकवलेला हवा, एक ओले पान सगळ्या चिवड्याला सादळवते. हळद-हिंग घालून आच बंद करावी, फोडणी दोन मिनिटे निवू द्यावी, मग पोहे घालावेत. धूर निघणाऱ्या फोडणीत पोहे आकसून चिमटे होतात. मीठ आणि पिठीसाखर एकत्र करून सगळ्यात शेवटी भुरभुरावी. घरात पाहुण्यांची रांग लागणार असेल तर निम्मे पोहे, निम्मे चुरमुरे असाही चिवडा करतात, आणि आधी संपतो तोच.

आदला दिवस: अनारसे

मुरलेले पीठ काढून दुधाचे चार थेंब लावून मळावे. सुपारीएवढी गोळी, प्लास्टिकच्या कागदावर खसखस, त्यावर गोळी थापून पुरी. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडावी. आच मंद. उलटायचे नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. जाळी पडून बदामी झाला की काढून चाळणीत उभा लावावा, तूप निथळते.

अनारसा हसला, म्हणजे तुपात पडताच विखुरला, तर घाबरून सगळे पीठ बिघडले असे समजू नये. गूळ जास्त आहे किंवा पीठ ओले राहिले आहे. दोन चमचे कोरडी तांदळाची पिठी फक्त पुढच्या चार गोळ्यांत मिसळून बघावी आणि जमले तर बाकीच्यात घालावी. उलट जाळी पडतच नसेल, अनारसा घट्ट होत असेल, तर चमचाभर पिकलेले केळे कुस्करून मळावे. हसलेल्या अनारशांचा चुरा गाळून घ्यावा, खीर-शिऱ्यात घालता येतो आणि मुले तो तसाच खातात.

डबे आणि ताटे

चिवडा, चकली आणि अनारसे कधीही एका डब्यात ठेवू नयेत. अनारशातले तूप आणि गुळाची ओल चकलीला लागते. रोजच्या खाण्याचा डबा वेगळा, साठवणीचा वेगळा. मोठा डबा दिवसातून दहा वेळा उघडला की बाहेरची दमट हवा आत जाते. शेजारी द्यायच्या ताटांत चकली सगळ्यात वर लावावी, खाली दबली तर नुसते तुकडे पोहोचतात. पुण्या-मुंबईला परत जाणाऱ्यांच्या डब्यात लाडू कागदात गुंडाळावेत आणि चिवड्याची पिशवी वर ठेवावी. कुंदा त्यांनाच निघायच्या दिवशी ताजा घेऊन द्यावा. तो दुधाचा आहे, चार दिवस आधी आणून ठेवण्यात अर्थ नाही.