पेठेच्या मॅचला पोरांना नेताना

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या दोन फुटबॉल संघांची गाठ पडली की घरातली पोरं मागं लागतात. न्यावंच त्यांना. पेठापेठांची ईर्षा हा कोल्हापूरच्या फुटबॉलचा जीव आहे. मी भाच्यांना नेतो, पण जागा धरण्याआधी त्यांना बाहेर पडायचे दोन रस्ते दाखवतो. आलो तो एक, आणि शक्यतो विरुद्ध बाजूचा दुसरा.

याला कारण आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियातल्या मलंग इथं अरेमा संघ पर्सेबायाकडून ३-२ हरला. पर्सेबायाच्या समर्थकांना त्या दिवशी प्रवेशच नव्हता, म्हणजे भांडायला समोर कुणी नव्हतं. अरेमाचेच प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, नळकांड्या गॅलरीतही पडल्या. सगळे अरुंद दारांकडे धावले. १३५ माणसं गेली, त्यांत कितीतरी शाळकरी मुलं. २००१ मध्ये घानात अक्राला असंच घडलं होतं: अश्रुधूर, कुलूपबंद दारं, १२६ मृत्यू. पंच चुकला, संघ हरला, यातून सुरू झालेली गोष्ट दारात येऊन जीव घेते.

म्हणून गोंधळ सुरू झाला आणि तुमच्या भागात शांतता असेल, तर लोंढ्याबरोबर दाराकडे पळू नका. पोरांना जवळ घ्या, जागेवर थांबा, दार मोकळं होऊ द्या. चेंगराचेंगरीत सापडलातच तर दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर धरा. श्वासाला तेवढी जागा राहते. लहानग्याला उचलून घ्या. लोंढ्याला उलटा रेटा देऊ नका, त्याच्याबरोबर सरकत तिरकं कडेला निघा. मात्र जाळी, भिंत आणि कठड्यापासून लांब. मोबाईल पडला तर पडू दे, वाकायचं नाही. अश्रुधूर आला तर डोळे चोळू नका, वारा जिकडून येतोय तिकडे तोंड करून बाहेर पडा आणि साध्या पाण्यानं डोळे धुवा.

बसायचं आपल्याच पेठेच्या लोकांत. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात दोन्हीकडचे समर्थक एकाच स्टँडमध्ये होते. मारामारी पेटली आणि १६ जण दगावले.

पोराच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा स्टेडियमबाहेर आधीच ठरवा, दाराजवळची नको.

राहिला रात्रीचा प्रश्न. मोठ्या पोरांना बजावून सांगा, जिंकलो तरी समोरच्या पेठेला डिवचणारं स्टेटस ठेवायचं नाही. मैदानात मिटलेलं भांडण त्या एका स्टेटसवरून गल्लीत पुन्हा पेटतं, आणि तिथं बंदोबस्त नसतो. गुन्हा नोंद झाला तर पुढं पासपोर्टच्या, नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत तो आडवा येतो. भाच्यांना हे मी मॅचला निघायच्या आधी सांगतो, कारण जिंकल्यावर कुणी ऐकत नाही.