दृष्टिहीनांच्या बुद्धिबळाच्या डावात ‘फ्राइड लिव्हर’ खेळताना या चुका टाळा

‘फ्राइड लिव्हर’ म्हणजे घोड्याचा बळी देऊन केलेला सुरुवातीचा हल्ला. पांढरा घोडा एफ7 वर झेपावतो, काळा राजा तो मारतो आणि लगेच एफ3 वरून वजिराचा शह. सातव्याच चालीला पट पेटलेला. दृष्टिहीन खेळाडूंच्या डावात इथे थिअरी, म्हणजे ठरलेल्या चाली, पाठ असूनही घात होतो, तो एका अक्षरामुळे.

या शहाला राजा ई6 वर जाऊ शकतो आणि जी6 वरही. ई6 वर गेला तर डी5 चा काळा घोडा राखला जातो. जी6 वर गेला की पांढरा उंट तो घोडा फुकट उचलतो. गजबजलेल्या हॉलमध्ये ‘ई’ आणि ‘जी’ यांत कितीसा फरक ऐकू येतो? दोन्ही चाली नियमात बसतात, त्यामुळे समोरच्याला शंकाही येत नाही. प्रत्येकाचा चाचपून खेळायचा, भोकांत मोहरी खोचायचा पट वेगळा असतो, म्हणजे तिथून पुढे दोघं दोन वेगळे डाव खेळत बसतात.

म्हणून घराचं नुसतं अक्षर पुकारू नका. ‘ई’साठी ‘ईव्हा’, ‘जी’साठी ‘गुस्ताव’ असं नाव घेऊन ‘ईव्हा सहा’, ‘गुस्ताव सहा’ म्हणायची ही आंतरराष्ट्रीय पद्धत आपल्याकडच्या स्पर्धेतही वापरा. समोरच्याने चाल पुकारली की नुसतं ‘हं’ करून भागत नाही. ती पूर्ण उच्चारा, मग आपल्या पटावर खेळा. जीभ घसरलीच, तर प्रतिस्पर्ध्याचं घड्याळ सुरू होण्याआधी दुरुस्त करा. घाईत आधी घड्याळ दाबणारे इथेच फसतात.

मोहरं चाचपलं म्हणजे ‘टच’ झालं, आता तेच हलवावं लागणार, हा गैरसमज नवख्या पंचांचाही असतो. मोहऱ्याच्या तळाची खुंटी भोकातून बाहेर आली तरच मोहरं स्पर्शलेलं धरतात. तेव्हा मनसोक्त चाचपा, पण विचार करताना मोहरं उपटून हातात घोळवण्याची सवय मोडा.

साध्या मारामारीत मारलेलं मोहरं काढल्याशिवाय खुंटी बसतच नाही, ते बरंच आहे. चुकतं ते आँ पासाँला (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारणं), कारण मेलेलं प्यादं शेजारच्या घरात तसंच राहतं. आणि कॅसलिंगला, म्हणजे राजा-हत्ती एकाच चालीत हलवताना, राजा हलतो, हत्ती विसरून कोपऱ्यातच.

पाठ चाली भराभर खेळताना चालींची नोंद मागे पडू देऊ नका, मग ती ब्रेलमध्ये असो की रेकॉर्डरवर. पट जुळत नाहीत असं वाटलं, तर आपसात ‘चल, इथून खेळू’ असं ठरवू नका. पंचांना बोलवा. दोघांच्या नोंदी ताडूनच स्थिती लावली जाते, आणि नोंदच अर्धी असेल तर तुमची बाजू खरी असूनही सिद्ध करता येत नाही.